हवालदार मामांची थकबाकी

फौजेतली माणसं ऐन चाळिशीत पेन्शनीत निघतात. बाकीच्या जगात ज्या वयात माणूस हेडक्लार्क होण्याची स्वप्नं बघत असतो, त्या वयात यांचा निरोप समारंभ होतो. बडा खाना होतो, साहेब लोक दोन शब्द बोलतात आणि पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेल्या काळ्या ट्रंकेसकट माणूस घराच्या दारात येऊन उभा राहतो. ते घर त्याच्याशिवाय उत्तम चाललेलं असतं. ही गोष्ट त्याला आधी कोणी सांगितलेली नसते. रंगरुटाला बंदूक धरायला शिकवायला सरकार कित्येक महिने खर्च करतं. नवरा आणि बाप व्हायचं कसं, याचं ट्रेनिंग मात्र बेळगावच्या सेंटरवर मिळत नाही.

आमचे मामा 1969 साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि 1993 साली हवालदार म्हणून बाहेर पडले. लग्न 1975 चं. जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची सालाना सुट्टी आणि तीस दिवसांची कॅज्युअल. हिशेब मामीच्या तोंडपाठ होता. सगळी सुट्टी दर वर्षी मिळाली असं धरलं (आणि धरायला काय जातं, असं ती म्हणे), तरी लग्नानंतरच्या अठरा वर्षांत नवरा घरी साडेचार वर्षं. उरलेली साडेतेरा वर्षं सरकारकडे येणं. मध्ये एकदा फॅमिली क्वार्टरचा नंबर लागला होता. मामीनं कऱ्हाडजवळच्या गावात डबे-पिंपं बांधून तयार ठेवली आणि त्याच आठवड्यात पलटण फील्डला निघाली. मामेबहीण चौथीत असताना तिला शाळेत ‘माझे वडील’ असा निबंध आला. तिचं पहिलंच वाक्य होतं, ‘माझे वडील मे महिन्यात असतात.’ बाईंनी त्याखाली लाल शाईनं काहीही लिहिलं नव्हतं.

पेन्शनीनंतर मामा गावी राहिले नाहीत, रायपूरला गेले. कारण मामीचा भाऊ तिथं रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात होता. त्यानं मामांना भनपुरीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सिक्युरिटीचं काम बघून दिलं. रायपूर मराठी माणसाला तसं परकं नाही. नागपूरकर भोसल्यांच्या घरातले बिंबाजी रतनपुराहून छत्तीसगडाचा कारभार बघत होते. पुढे 1956 पर्यंत रायपूरचं सरकारदरबारचं काम नागपूरलाच चालायचं. तात्यापारा, बुढापाऱ्यात पिढ्यानपिढ्यांची मराठी घरं आहेत. 1935 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलनीत आहे, तिथं गणपती बसतो आणि अळूवडीवर मतभेद होतात. भनपुरीची गोष्ट वेगळी. बिलासपूर रस्त्यानं खमतराई ओलांडली की कारखाने, गोदामं, धर्मकाटे, टायरची दुकानं आणि ट्रक. पुढे उरला, त्याच्या पुढे सिलतरा, म्हणजे आणखी कारखाने. सकाळी गच्चीवर पांढरा सदरा वाळत घातला, तर संध्याकाळी तो राखाडी होऊन खाली यायचा. तात्यापाऱ्यातले मराठी लोक भनपुरीला ‘तिकडे’ म्हणत आणि हात उत्तरेकडे करत.

भनपुरीत बिऱ्हाड केल्यावर पहिल्या रविवारी मामांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर ड्यूटी रोस्टर लावला. पट्टीनं आखलेला, लाल-निळ्या शाईतला. सकाळी पाचला फॉल-इन, सव्वापाचला पीटी, सहाला चहा. ‘लंगर’ या सदरासमोर मामीचं नाव होतं. ‘फटीग’ म्हणजे झाडलोट आणि वरकड कामं, तिथं दोन्ही मुलं. ‘इन्स्पेक्शन’समोर स्वतःचं नाव. मामीनं चष्मा लावून तो कागद नीट वाचला. मग खडूच्या डबीतून पेन्सिल काढून दोन दुरुस्त्या केल्या. पाणी भरण्याच्या रकान्यात मामांचं नाव घातलं आणि वेळ साडेचार लिहिली, ‘नाहीतरी तुम्ही उठताच’ म्हणून. ‘इन्स्पेक्शन’समोरचं नाव तिनं खोडून टाकलं आणि कंसात ‘मी’ असं लिहिलं. मामांनी सावधान उभं राहून रोस्टर वाचला. वरिष्ठांच्या सहीचा कागद त्यांना ओळखू येत असे. पुढची जवळजवळ तीस वर्षं भनपुरीतल्या त्या गल्लीत पहाटे साडेचारला सरकारी नळावर पहिली बादली लागायची ती मामांची.

घरात सत्ता मिळणार नाही हे कळल्यावर मामांनी घराबाहेर लक्ष घातलं. छावणीतून हिंडलेल्या कोणालाही ठाऊक असेल, लष्करात जे हलतं त्याला सलाम करतात आणि जे हलत नाही त्याला चुना लावतात. दारात पेरूचं झाड होतं, छत्तीसगडी शेजारी त्याला बिही म्हणत. मामांनी त्याच्या बुंध्याला खाली गेरू आणि वर चुना असे पट्टे काढले. मग अंगणाच्या कडेला विटा तिरक्या रोवल्या आणि त्यांना एकाआड एक रंग दिला. अंगण संपल्यावर गल्ली लागली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना दगड ओळीनं मांडून ते पांढरे केले. एका शेजाऱ्याची म्हैस बरीच वेळ एकाच जागी उभी होती, ती थोडक्यात वाचली. पण भनपुरीची हवा काही बेळगावची नव्हे. शनिवारी पांढरे केलेले दगड गुरुवारपर्यंत कारखान्यांच्या धुरानं काळे पडत. मामा शनिवारी पुन्हा चुन्याची बादली घेऊन बसत. ‘ही लढाई तुम्ही हरताय’ असं मी एकदा म्हणालो. ‘हरतोय कुठं? पोझिशन धरून ठेवलीय’ असं ते म्हणाले. शेजारपाजारची पोरं विचारत, ‘का करत हव, फौजी बबा?’ आणि मग स्वतःच एकेक ब्रश घेऊन बसत. गल्लीत त्यांचं नाव फौजी बबा पडलं ते तेव्हापासून. त्यांचा नंबर, रँक आणि आडनाव फक्त पोस्टमनला माहीत होतं.

या दगडांवरून एकदा एका कार्यालयाची नोटीस आली. सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण, सात दिवसांत खुलासा करावा. इथं जमालपूरची गोष्ट सांगणं भाग आहे. डिसेंबर 1971 मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला मराठ्यांची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, वेढा घालून बसली होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी आतल्या बलुच पलटणीच्या कमांडरला शरणागतीचं पत्र पाठवलं. पत्र घेऊन गेला मुन्शी नावाचा एक माणूस, सायकलवरून. उत्तर आलं, त्यात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली होती. मतलब असा, की लेखणी ठेवा आणि समोर या. दोन दिवसांच्या आत जमालपूर पडलं. ते पत्र लिहिणारा कर्नल तोवर अंधारात निसटून गेला होता. मामा त्या पलटणीच्या मॉर्टर प्लाटूनमध्ये विशीतले जवान होते. पत्र त्यांनी बघितलं नव्हतं, मुन्शी बघितला नव्हता, गोळीही बघितली नव्हती. पण पुढच्या आयुष्यात आलेल्या प्रत्येक सरकारी लखोट्याला हे एकच उत्तर योग्य आहे, अशी त्यांची खात्री होती.

नोटीस वाचून ते म्हणाले, ‘कागद नको, गोळी पाठवा.’ घरात गोळ्या होत्या त्या फक्त ब्लडप्रेशरच्या. मामी नोटीस घेऊन त्या कार्यालयात गेली. साहेबांची मुलगी बारावीला होती आणि तिला गणित जड जात होतं, एवढी माहिती तिनं अर्ध्या तासात काढली. मामेभाऊ तेव्हा इंजिनियरिंगला होता. पोरगी दोन महिने शिकवणीला येत राहिली आणि दगड जागेवर राहिले. मामांच्या मते हा शत्रूच्या आत्मसमर्पणाचा प्रकार होता. मामीच्या मते दोन महिन्यांचा चहा फुकट गेला होता.

मिलच्या गेटवर मात्र मामांचं राज्य होतं. कच्चा माल घेऊन येणारे आणि सळ्या घेऊन जाणारे ट्रक तिथं रांगेत थांबत. रांग म्हणजे आपली ती नेहमीची, एकाचं तोंड गेटाकडे, दुसऱ्याचं पानटपरीकडे. मामांनी पहिल्याच पाळीत शिट्टी फुंकली आणि हुकूम सोडला, ‘ट्रक, दाहिने सज!’ ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले. मामांनी त्यांना दोन ट्रकांमधलं अंतर पावलांनी मोजून दाखवलं. लाइट इन्फन्ट्रीची पावलं, इतर पलटणींपेक्षा झपझप पडणारी. ड्रायव्हर मागून पळत होते. महिन्याभरात त्या गेटसमोर ट्रक असे उभे राहू लागले, की बिलासपूर रस्त्यानं जाणाऱ्या बसमधले लोक खिडकीतून बघत, कोणी मंत्री येतोय का म्हणून. एकदा एका सरदारजी ड्रायव्हरनं काचेतूनच खणखणीत सलाम ठोकला. तो शीख रेजिमेंटमधून निवृत्त झालेला निघाला. दोघांनी गेटवर उभ्या उभ्या चहा घेतला, 1971 च्या दोन वेगवेगळ्या आघाड्या जिंकल्या आणि तेवढ्या वेळात मागे ट्रकांची रांग थेट धर्मकाट्यापर्यंत गेली. ती सरळ होती, हे मामा नंतर अभिमानानं सांगत.

आम्ही भाचरं उन्हाळ्याच्या सुट्टीत भनपुरीला जात असू. कऱ्हाडला महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची, नागपूरला गाडी बदलायची. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन असे. पहिल्या दिवशी मामा आम्हाला चौकातल्या न्हाव्याकडे नेत. न्हाव्याला सूचना एवढीच, ‘टोपीच्या आतलं तुझं, बाहेरचं माझं.’ म्हणजे टोपीच्या बाहेर एकही केस दिसता कामा नये. मग मे महिनाभर आम्ही कानावरून वारा खात हिंडत असू. शिक्षा फारशा नव्हत्या. खोटं बोललं तर पाठीवर मामांचा जुना पिट्ठू घालून अंगणाला फेऱ्या. पिट्ठूत विटा असायच्या असा नियम. पण मामीनं त्या काढून आत उशी घालून ठेवली होती. मामांना हे माहीत नव्हतं असं आम्ही धरून चालत होतो. ओझ्यानं वाकल्याचं सोंग आम्ही आणत असू आणि ते पाठ फिरवून उभे राहत.

शिवजयंतीला मामा चौबे कॉलनीत मंडळात जात. तिथली मंडळी सभ्य. अध्यक्षीय भाषणानंतर एखादे काका खाकरून मवाळ आवाजात जयजयकार सुरू करायचे. एका वर्षी ते काम मामांकडे आलं. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की’ एवढं ऐकताच पहिल्या रांगेतल्या दोन आजी उठून उभ्या राहिल्या आणि बाहेर लावलेली स्कूटर वाजू लागली. मामांना वाटलं, आवाज कमी पडला. त्यांनी पुन्हा दिली. दर 4 फेब्रुवारीला मात्र ते गल्लीतच असत. सिंहगड घेतला तो हा दिवस, रेजिमेंटचा मोठा दिवस. मामांच्या दारात मटणाचा बडा खाना व्हायचा. छत्तीसगडी, उडिया, बिहारी, पंजाबी अशी सगळी गल्ली जेवायला. तानाजी कोण ते विचारायचं कोणाला सुचत नसे, कारण रस्सा तिखट असे आणि तोंड भरलेलं असे. मामा वाढता वाढता गड चढून जात.

31 ऑक्टोबर 2000 च्या रात्री मामा मध्य प्रदेशात झोपले आणि सकाळी छत्तीसगडात उठले. गल्लीत फटाके वाजत होते. मामा म्हणाले, ‘चोवीस वर्षांत इतकी सुखाची बदली कधी झाली नाही. ट्रंक उचलावी लागली नाही.’

फौजी कॅन्टीन हा वेगळा अध्याय. महिन्याच्या सुरुवातीला मामा कॅन्टीनला जाऊन साबण, चहा, तेल आणि कोट्यातली रम घेऊन येत. महिनाअखेरीला जे शेजारी ओळख दाखवत नसत, ते पहिल्या आठवड्यात मामांच्या गुडघ्यांची चौकशी करायला येऊ लागत. मामा त्यांना गुडघ्यांबद्दल सविस्तर सांगत. कॅन्टीनचा माल बाहेर विकणं हा गुन्हा आहे, हेही सविस्तर सांगत. बाटली ट्रंकेत कुलपात असे. ट्रंकेची किल्ली मामीच्या कमरेला असे. रात्री आठला मामी पुढचा हुकूम देई आणि मामा एक पेग, मोजून, घेत. दुसरा मागायचा तर अर्ज करावा लागे. अर्ज नामंजूर व्हायचे, पण ते करायचं मामा सोडत नसत.

सर्वांत मोठा घोटाळा मामांनी स्वतःच करून ठेवला होता. लग्नात मामीचं नाव बदललं. सुट्टी संपत आलेली, हळद निघाली नव्हती तोच मामा पलटणीत हजर झाले. क्लार्कनं विचारलं, बायकोचं नाव? मामा गप्प. नाव तर चार दिवसांपूर्वीच ठेवलेलं, तेही ताटातल्या तांदळावर आत्यानं लिहिलेलं. नव्या नवरदेवानं ते मोठ्यानं उच्चारायचं तर उखाणा हवा. आणि क्लार्क तर यूपीचा. मामांनी आठवलं ते नाव सांगितलं, माहेरचं. त्यामुळे फौजेच्या कागदावर मामांचं लग्न एका बाईशी झालेलं होतं आणि स्वयंपाक दुसरीच करत होती. हे उघडकीला आलं ते कित्येक वर्षांनी, पेन्शनचं जॉइंट खातं काढताना. मामी शांतपणे म्हणाली, ‘त्या बाईला शोधून काढा. दळण तिच्याकडेच द्या.’ मग प्रतिज्ञापत्रं, राजपत्र, फोटो. दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करायला जे कागद लागले, ते ट्रंकेत रमच्या बाटलीशेजारी अजून आहेत.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. मामा त्यासाठी ब्लेझर घालून, मेडलं लावून निघत. जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा तर तो टापटिपीत द्यावा, असं त्यांचं मत. 2014 पासून हे काम अंगठ्यावर आलं. पण चुना कालवून कालवून मामांच्या बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. यंत्र तीन-तीनदा नकार देई. मामा यंत्रासमोर सावधान उभे राहून नाव, नंबर, रँक सांगत. यंत्र ढिम्म. मामी तिथल्या पोराला म्हणाली, ‘मी लिहून देते जिवंत आहेत म्हणून. पहाटे साडेचारपासून मी ऐकतेय.’

मॉर्टरपायी मामांच्या कानांवर परिणाम झाला होता. डावा कान गेला, असं ते सगळ्यांना सांगत. मामीनं त्याप्रमाणे व्यवस्था लावली होती. किराण्याची यादी, नळाची दुरुस्ती, पाहुण्यांची बातमी हे उजवीकडे बसून सांगायचं. मनातलं काही असेल, साडेतेरा वर्षांचा राग, सासरी एकटीनं काढलेली आजारपणं, पोरीच्या लग्नाची काळजी, ते डावीकडे बसून. बोलायचं आणि मोकळं व्हायचं. पुढे ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. उजवा कान बराच गेला होता. डावा ठणठणीत होता.

मामी आठवडाभर बोलली नाही. मामांनी खुलासा दिला नाही. मात्र किराण्यात नेहमी चूक करणारा हा माणूस, मामी आजारी पडली की न सांगता रजा का टाकत होता, पोरीच्या लग्नाचे पैसे त्यानं मिलच्या दुहेरी पाळ्या करून का साठवले होते, आणि पहाटेची बादली त्यानं जवळजवळ तीस वर्षांत एकदाही का चुकवली नाही, हे सगळं त्या आलेखावर होतं.

2015 साली ‘वन रँक वन पेन्शन’चा आदेश निघाला. 1 जुलै 2014 पासूनची थकबाकी मिळणार होती, जवानांना चार सहामाही हप्त्यांत आणि विधवांना एकरकमी. मामांनी वही घातली. हप्ता जमा झाला की लाल शाईनं नोंद आणि समोर सही. सही मामीची.

गेल्या वर्षी मामा गेले. गल्लीतल्या पोरांनी, म्हणजे आता बाप झालेल्या पोरांनी, कोणी न सांगता दगडांना चुना लावला. त्यांनी लावलेले पट्टे वाकडे आले होते. मामांनी सगळे पुसून पुन्हा काढायला लावले असते.

फॅमिली पेन्शनचे कागद भरायला मी भनपुरीला गेलो होतो. मामीनं सगळे कागद क्रमानं लावून ठेवले होते, दोन्ही बायकांचे. फॉर्म भरता भरता मी सहज विचारलं, ‘मामी, ती साडेतेरा वर्षं? सरकारकडे येणं होती ती?’

‘सरकारनं कुठली दिलीत,’ मामी म्हणाली. ‘यांनीच फेडली. नियमानं बायकांना एकरकमी द्यायची असते, यांनी रोज पहाटे साडेचारला एकेक बादली करून दिली.’

‘मग फिटली का?’

तिनं चष्मा काढून पुसला आणि तोंडातल्या तोंडात हिशेब केला. ‘फिटून वर गेली,’ ती म्हणाली. ‘चौदा-पंधरा वर्षं जास्तच आलीत माझ्याकडे. पण तू फॉर्मात लिहू नकोस. पेन्शन जास्त गेलं की ते लोक वसुली लावतात.’